निधनवार्ता वाचून आलेला फोन

ही हकिगत माझ्या मामींची आहे. त्यांना विचारून लिहितेय, पण नाव, गाव आणि मामांचं सरकारी खातं मुद्दाम गाळलंय. का गाळलं ते पुढे कळेलच.

मामा राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पावसाळ्यात थोड्याशा आजारपणाचं निमित्त होऊन गेले. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, त्यामुळे दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर घरात मामी एकट्याच. त्याच सुमारास त्यांना फोन आला.

बोलणारा स्वच्छ मराठीत बोलत होता. ‘काकू’ म्हणाला. आधी साहेबांच्या जाण्याबद्दल हळहळला. मग मामांचं वय, ते कुठल्या कार्यालयातून कोणत्या साली निवृत्त झाले, मुलगा पुण्यात काय करतो, हे सगळं बोलण्याच्या ओघात त्यानंच सांगितलं. नंतर म्हणाला, मी जिल्हा कोषागारातून बोलतोय, तुमच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल माझ्यासमोर आहे. पीपीओ क्रमांक, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशाचा क्रमांक, त्यानं स्वतः वाचून दाखवला आणि तुमच्याजवळच्या कागदाशी ताडून बघा म्हणाला. मामींनी चष्मा लावला, कपाटातून कागद काढला आणि एकेक आकडा जुळवून पाहिला. सगळे बरोबर निघाले.

तिथेच त्याचं काम झालं होतं. आपण कोण हे त्यानं पटवून द्यायला हवं होतं; ते काम त्यानं मामींच्याच हातून करून घेतलं. त्यानंतर त्यांनी त्याला एकही उलटा प्रश्न विचारला नाही. आणि ही बाई साधी नाही बरं का. गॅसचा सिलिंडर दारात वजन करून घेणारी, घरखर्चाच्या वह्या वर्षानुवर्षं जपून ठेवणारी. नंतर नातेवाइकांपैकी काहीजण ‘एवढ्या हुशार असून अशा कशा फसल्या’ म्हणाले, तेव्हा मला त्यांचा फार राग आला.

त्यानं मारलेली थाप अर्धी खरी होती. निवृत्तिवेतनधारक वारल्याची खबर बँकेत आणि कोषागारात पोहोचेपर्यंत एखाद्या महिन्याची रक्कम खात्यात पडून जाते. मृत्यूनंतरच्या काळाचे ते पैसे सरकारला परत जातात, हा नियमच आहे. मामांच्या खात्यातही असा जादा भरणा झाला होता आणि मामींच्या मनाला ते लागून राहिलं होतं. ‘सरकारचे पैसे आपल्याकडे राहिलेत’ असं त्या मुलालाही म्हणाल्या होत्या. त्यामुळे ‘ती जादा रक्कम आधी भरा, मग तुमचं कुटुंब निवृत्तिवेतन आणि साहेबांचा सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा राहिलेला हप्ता एकदमच सोडतो’ हे ऐकल्यावर त्यांना संशय यायच्या ऐवजी हायसं वाटलं.

रक्कम तेवीस हजारांच्या आसपास होती. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर कोणा एका माणसाचं नाव आलं. मामींनी विचारलंही, हे कोण? ‘ते आमचे लेखापाल,’ उत्तर तयार होतं. खरी वसुली बँकेमार्फत होते, चलनानं होते किंवा पुढच्या निवृत्तिवेतनातून वळती केली जाते. कुठल्याही सरकारी कार्यालयाचा लेखापाल स्वतःच्या नावावर सरकारचे पैसे घेत नाही. पण हे आता शांतपणे लिहिताना सुचतं. त्या वेळी मामी एका मोठ्या ओझ्यातून सुटत होत्या.

दुसरा डाव संध्याकाळी टाकला. व्हॉट्सॲपवर ‘हयातीचा दाखला’ नावाची फाइल आली. ती एपीके होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. फोननं धोक्याची सूचना दाखवली, त्यावर ‘सरकारी ॲप असल्यामुळे विचारतो, परवानगी द्या’ असं त्यानं सांगितलं. मामींनी दिली. त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली आणि पुढे बँकेचे ओटीपी परस्पर त्या माणसापर्यंत जाऊ लागले. सकाळपर्यंत बचत खातं रिकामं झालं होतं आणि एक मुदत ठेव ऑनलाइन मोडून तिचेही पैसे गेले होते. मामी आजही सांगतात, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही. त्या खरंच बोलतात. ओटीपी सांगायचा नाही, हे आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इतकं घोकून घेतलंय की ‘सांगितला नाही म्हणजे आपण सुरक्षित’ असा त्यांचा समज झालाय. खरा डिजिटल हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ या सेवेतून निघतो. त्याचं ॲप प्ले स्टोअरवर आहे. ते व्हॉट्सॲपवर कुणी पाठवत नाही.

मुलानं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव विचारतात, म्हणून फोन लावतानाच पासबुक आणि बँकेचे मेसेज समोर ठेवा. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात फिरतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. मधल्या एखाद्या खात्यात ते अडवता आले तरच हाती लागतात. मामींच्या रकमेतला लहानसा भाग असा अडवला गेलाय. तो परत मिळवण्याचं काम चालू आहे. बाकीच्या रकमेबद्दल बँक म्हणते की निष्काळजीपणा ग्राहकाचा आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक सांगतं की चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. आमचा वाद नेमका या ‘निष्काळजीपणा’वर आहे. तीस दिवसांत बँकेचं समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तसे आम्ही गेलोय.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. त्या माणसाला एवढं सगळं कळलं कुठून?

मी आणि मामेभाऊ बसून एकेक धागा शोधत गेलो. पहिला धागा पेपरातली निधनवार्ता. आपल्याकडे तिचा साचा ठरलेला आहे. अमुक गावचे रहिवासी, अमुक कार्यालयातून निवृत्त, वयाच्या अमुक वर्षी अल्पशा आजारानं निधन, त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडं असा परिवार. तमुक कंपनीतले अभियंता अमुक यांचे ते वडील होत. चार ओळींत अख्खं घर येतं आणि आता एकटं कोण राहणार तेही कळतं. दुसरा धागा ज्ञातिमंडळाच्या मासिकातला. तिथे श्रद्धांजलीखाली ‘सांत्वनासाठी संपर्क’ म्हणून मामींचा मोबाइल क्रमांक छापलेला. मासिकाची पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. मागचे अंकही आहेत, त्यात मामांच्या पंचाहत्तरीची बातमी फोटोसकट सापडली.

पीपीओ क्रमांक मात्र यातल्या कशातच नव्हता. तो सापडला निवृत्त कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या व्हॉट्सॲप गटावर. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी काय कागद लागतात हे विचारायला मामेभावानं तिथल्या एका पदाधिकाऱ्याला फोन केला होता. त्यांनी मदत म्हणून मृत्यूचा दाखला आणि पीपीओचं पहिलं पान मागवून घेतलं आणि ‘जाणकारांनी मार्गदर्शन करावं’ असं लिहून दोन्ही फोटो गटावर टाकले. गटात शेकडो माणसं. त्यातल्या कितीतरी क्रमांकांना नावच नाही. कोण कधी आलं, कुणी घेतलं, कुणालाही सांगता आलं नाही. त्या फसवणाऱ्यानं तिथूनच क्रमांक उचलला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तो कागद आमच्या घराबाहेर दुसऱ्या कुणाजवळ असलाच तर सरकारी कार्यालयात आणि बँकेत, आणि त्या दोन ठिकाणी मामेभाऊ मृत्यूचा दाखला घेऊन अजून गेलेलाही नव्हता.

पदाधिकाऱ्यांना भेटलो तेव्हा ते दुखावले. आम्ही सेवाभावानं करतो, कुणाकडून पैसे घेत नाही, म्हणाले. खरं आहे ते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण फोटो काढून टाका म्हटल्यावर ‘आता काय उपयोग’ हे जे उत्तर मिळालं, ते मला पटलं नाही. त्याच गटावर आणखी बऱ्याच विधवांच्या कागदांचे फोटो अजून तसेच पडलेले होते.

कायद्याचं विचाराल, तर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, सांभाळायची आणि काम झाल्यावर पुसायची, असं त्यात आहे. पण संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्या नियमांनीच अठरा महिन्यांची मुदत दिलीय. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो; तो दंड सरकारी तिजोरीत जातो, फसलेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि आपण स्वतः जाहीर करून टाकलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे छापायला देण्यापूर्वीच हात आखडता घ्यायला हवा.

निधनवार्ता द्यायचीच नाही असं मी म्हणणार नाही. लोकांना कळायला हवं, चार माणसं येऊन बसायला हवीत. पण त्यासाठी नाव, गाव आणि अंत्यविधीची किंवा शोकसभेची वेळ पुरते. वय, खातं, हुद्दा, मुलं कुठे नोकरी करतात हे वाचून येणाऱ्याला नवीन काही कळत नाही. जे येतात त्यांना ते आधीच ठाऊक असतं. संपर्कासाठी विधवेचा क्रमांक तर कधीच देऊ नये, एखाद्या भावाचा किंवा पुतण्याचा द्यावा. कागद दाखवायचे असतील तर समोर बसून दाखवावेत. फोटो पाठवणं भागच असेल, तर क्रमांकावर पट्टी ठेवून फोटो काढावा आणि त्यावर तारीख व काम लिहावं. आधारची प्रत मागितली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते. आणि मंडळ, सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, पतसंस्था यांना विचारायला लाजू नका, की ही माहिती कुठे ठेवणार, कुणाला दिसणार आणि कधी काढणार. आमच्या ज्ञातिमंडळानं विचारल्यावर पीडीएफमधून क्रमांक गाळला. एका पत्रानं काम झालं.

पुढे मामेभाऊ मृत्यूचा दाखला आणि पीपीओ घेऊन कोषागारात स्वतः गेला. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, मामींची सही आणि फोटो घेतला, शुल्क काही नाही. असे फोन बऱ्याच घरांत येतात, म्हणाल्या. जिल्हा कोषागार कार्यालयांनी याबद्दल जाहीर आवाहनंही केलेली आहेत, आम्ही कोणाला फोन करून पैसे भरायला सांगत नाही म्हणून. ती पेपरात निधनवार्तांच्याच पानाच्या आसपास कुठेतरी छापून येतात आणि ज्या घरी त्यांची गरज असते तिथे त्या आठवड्यात पेपर उघडलेलाही नसतो.

आणखी एक. बँक दाद देत नाही म्हणून वैतागून मामेभावानं समाजमाध्यमावर बँकेच्या पानाखाली सगळी हकिगत लिहिली, तक्रार क्रमांक आणि स्वतःचा मोबाइल क्रमांकही टाकला. दुपारच्या आत त्याला फोन आला. ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे आम्ही अडवलेत, सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरावं लागेल.’ तक्रार क्रमांक त्यानं बरोबर वाचून दाखवला. मामेभावानं फोन कापला, ती पोस्ट काढली आणि तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर, संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षू’ या सोयीतून कळवला. तुमचे पैसे गेले असतील तर असा फोन तुम्हालाही येईल, बहुधा त्याच आठवड्यात.