तुटलेला स्टड: ईझी-आउट की नट वेल्डिंग?

जुन्या लिस्टर टाइप डिझेल इंजिनाच्या हेडात एक्झॉस्टचा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली, डोकं नसलेली सळई) तुटला की पहिल्यांदा सगळे ईझी-आउटच आठवतात, म्हणजे तुटक्या स्टडात भोक पाडून आत रुतवायचं, उलट्या आट्यांचं हत्यार. मीही त्यातलाच. पण विचार करा ना, जो स्टड पान्याने फिरला नाही, तुटलाच, तो आत बारीक भोक पाडून त्याहून बारीक ईझी-आउटने कसा फिरणार? वर ते असतं कडक पण ठिसूळ, आत तुटलं तर साधं ड्रिल बिट त्यावर चालतच नाही, मग बसा बोंबलत.

नट वेल्ड करायचं गणित वेगळंय. तुटक्या स्टडच्या तोंडावर वायसर ठेवायचा, वर नट, आणि २.५ मिमीच्या वेल्डिंग रॉडने नटच्या आतून भरायचं. मजा उष्णतेची आहे, स्टड तापून फुगतो पण हेड त्याला फुगू देत नाही, गार होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मग नटला पाना लावून थोडं मागे थोडं पुढे असं हलवत काढायचा, एकदम हिसका नाही. पहिला नट तुटला तर दुसरा लावा, मला तीन लागले होते.

फक्त स्टड फार खोल तुटला असेल तर वेल्डिंग अवघड, तेव्हा बरोब्बर मधोमध ड्रिल मारून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवलेलाच बरा.