ग्रेको ईजी-५०० (१९७९), नऊ महिन्यांनंतर: झाकण उघडून बघितलं नाही त्याची किंमत

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ट्रसरॉडचा, म्हणजे गिटारची मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, नट फिरायचा थांबला. तोक्योत त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा, नुकता लागला होता. घरात टॉवेल वाळत नव्हते, गिटारची मान पुढे झुकली होती आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या त्या फ्रेट) तारा इतक्या वर गेल्या होत्या की खालून लोकल गेली असती. म्हटलं पाव फेरा आवळू. नट जागचा हलेना. जरा जोर केला तर लाकडातून 'कुर्र' असा आवाज आला. पाना खाली ठेवला आणि चहा टाकला.

ग्रेको हा जपानी गिटारींचा ब्रँड काय चीज आहे, फुजिगेनच्या कारखान्यात काय बनायचं, गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या लेस पॉल गिटारची नक्कल किती हुबेहूब होती, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. ते परत लिहीत नाही. मी लिहिणार आहे बाजारभावाबद्दल, आणि मानेच्या टोकाला घंटीच्या आकाराचं जे काळं प्लास्टिकचं झाकण असतं, त्याबद्दल. झाकणाबद्दल जरा जास्तच लिहिलं जाईल. जूनपासून तेच डोक्यात आहे.

गिटार घेतली ऑक्टोबर २०२३ मध्ये, ओचानोमिझूला. स्टेशनातून उतरलं की मेइदाइ-दोरीच्या उताराला दोन्ही बाजूंनी वाद्यांचीच दुकानं. आपल्या लक्ष्मी रोडवर साड्यांची असतात तशी, फक्त इथे कोणी 'या ताई, बघा तरी' म्हणत नाही. उलट तुम्ही गिटारला हात लावण्याआधी परवानगी मागायची. नाव-गाव सांगत नाही अशा एका दुकानात ही लटकत होती. करासकट ७४,८०० येन. त्या वेळच्या दराने साधारण साडेएकेचाळीस हजार रुपये. तीन महिने मी भाव बघत होतो (इथे बाजारभावाला 'सोबा' म्हणतात) आणि चांगल्या अवस्थेतली, सगळे भाग मूळचे असलेली १९७९ ची ईजी-५०० नव्वद हजार ते लाखाच्या मध्ये विकली जाताना दिसत होती. म्हणजे वीस हजारांची बचत! सदाशिवातला माणूस, पाय जमिनीवर राहीनात.

तयारी मात्र मी करून गेलो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवतो. डोक्याच्या (मानेच्या टोकाचा, खुंट्यांचा भाग) पाठीमागचा क्रमांक बघितला. एफ आणि पुढे ७९. ग्रेकोत पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, एफ म्हणजे जून, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. डोकं मोडून चिकटवलेलं नाही ना, हे तिरप्या उजेडात बघितलं. असं मोडलेलं डोकं कितीही सुबक जोडलं तरी गिटारचा भाव साधारण निम्म्यावर येतो, मग ती ग्रेको असो की खरी गिब्सन. पुण्याला जाताना बॅग तोलायचा जो हुकाचा काटा असतो, तोसुद्धा बरोबर नेला होता. वजन भरलं ४.४ किलो. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, पण चिठ्ठीवर त्यानेही ४.४ च लिहिलं होतं. चार किलोच्या आतली असेल तर लोक जास्त पैसे मोजतात, ही तशी नव्हती, म्हणून स्वस्त असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. स्वस्ताईचं एक कारण सापडलं की माणूस दुसरं शोधत नाही.

इथल्या जुन्या गिटारींच्या चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असतात. फ्रेट किती झिजलेत ते हिश्श्यांत लिहितात. माझ्या चिठ्ठीवर होतं, फ्रेट 'नोकोरी नानावारी', म्हणजे दहातले सात हिस्से शिल्लक. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अरे, नोकरी करते आणि नऊवारी नेसते? बरीच गुणी दिसते की." त्या हसण्याच्या नादात चिठ्ठीची शेवटची ओळ राहिली. ती पुढे येईल.

पहिले सात-आठ महिने छान गेले. दोन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) एकदम चालू ठेवणाऱ्या मधल्या पोझिशनला आवाज असा गोड, भरीव, की शेजारी भिंतीवर टकटक करायच्या ऐवजी दारात विचारायला आले, कोणता अँप आहे म्हणून. हिवाळ्यात तोक्योची हवा कोरडी ठणठणीत, मान सरळ राहिली. ईजी-५०० सारख्या खालच्या क्रमांकाच्या मॉडेलकडून मला एवढी अपेक्षा नव्हती.

क्रमांकाचं सांगायला हवं, कारण भाव ठरवताना माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. त्या काळच्या जपानी गिटारींच्या नावातच किंमत आहे. ईजी-५०० म्हणजे ५०,००० येन, ईजी-८०० म्हणजे ८०,०००. तोकाई या दुसऱ्या जपानी कंपनीची एसटी-५० म्हणजे पन्नास हजार. १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झालं तेव्हाची एसटी६२-११५ म्हणजे एक लाख पंधरा हजार. वरच्या क्रमांकात लाकूड बरं, पिकअप बरे, फिनिश बरं. म्हणजे जुना कॅटलॉग ही एक शिडी आहे, आणि विकणारा तुम्हाला पाचशेच्या पायरीवर उभं करून आठशेचे पैसे मागत असेल तर 'एकाच कारखान्यातली, एकाच वर्षाची' या त्याच्या वाक्याला काही अर्थ नाही. एकाच हलवायाकडे बुंदीचे लाडूही असतात आणि काजूकतलीही.

दुसरं फसवं विशेषण म्हणजे 'लॉसूट', म्हणजे खटल्यातली. परदेशी विक्रेते सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक जपानी नकलेला हा शब्द चिकटवतात आणि भाव चढवतात. खटला झाला होता तो एकच. गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, जून १९७७ मध्ये फिलाडेल्फियात आयबनेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकावर केला होता, तोही गिटारच्या डोक्याच्या आकारावरून, आणि पुढच्याच वर्षी तो कोर्टाबाहेर मिटला. त्यात ग्रेकोचं नाव नव्हतं, तोकाईचंही नव्हतं. माझ्या गिटारचं डोकं गिब्सनसारखं आहे म्हणून ती 'लॉसूट' होत नाही. आमच्या आळीतल्या एका मालकावर भाडेकरूने दावा लावला म्हणून सगळ्या आळीचा भाव वाढतो का?

आणि लावलेला भाव म्हणजे भाव नव्हे. रीव्हर्ब या वाद्यविक्रीच्या साइटवर एखादी गिटार दोन हजार डॉलरला दोन वर्षं पडून असेल, तर ती दोन हजारांची नाही एवढंच त्यातून कळतं. विकल्या गेलेल्या वस्तूंची किंमत बघायची. रीव्हर्ब, ईबे, इथलं याहू ऑक्शन, सगळीकडे ते बघता येतं, फक्त शोधताना फिल्टर लावायचा कंटाळा करू नये.

आता झाकण.

ट्रसरॉड ही मानेतली लोखंडी सळई, तारांच्या ओढीला उलट ताण देणारी. डोक्याकडच्या झाकणाखाली तिचा नट. नट जितका आवळाल तितकी मान मागे येते. पण आट्यांना शेवट असतो. आधीच्या मालकांनी पंचेचाळीस वर्षांत दर पावसाळ्यात थोडा थोडा करत तो शेवटापर्यंत आवळला असेल, तर तुम्ही विकत घेता ती ब्रेकची तार पूर्ण ताणलेली स्कूटर. आज चालेल. तपासायला दोन मिनिटं लागतात. सुरात लावलेल्या गिटारची तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची, सातव्या-आठव्याजवळ तारेखाली किती फट राहते ते बघायचं. मग झाकणाचे स्क्रू काढून नट पाव फेरा हलतो का, ते दुकानदारालाच करून दाखवायला सांगायचं. फट मोठी आणि नट गच्च, तर संपलं. मी पंधरा मिनिटं गिटार तोलण्यात घालवली आणि हे दोन मिनिटांचं काम केलं नाही. दुकानाने आपणहून ते का सांगू नये? फोन केला, तर अत्यंत नम्रपणे 'चिठ्ठीप्रमाणे' एवढंच उत्तर. तीन वेळा माफी मागितली, एक येन परत केला नाही. असल्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

इथपर्यंतचं तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं. रागात होतो. खोडत नाही, पण दुरुस्ती करतो.

फोनमध्ये चिठ्ठीचा फोटो सापडला. शेवटची ओळ: रॉड 'योयू नाशी', आणि त्याखाली, आहे त्या अवस्थेत विक्री. त्या दिवशी दुकानात मी फोनवर तिचं मराठी भाषांतर केलं होतं, तेही स्क्रीनशॉटमध्ये आहे. 'दांड्याला सवड नाही.' मला वाटलं, केसमध्ये दांडा नीट बसत नाही असं काहीतरी असेल, आणि मला तर केस नकोच होती. म्हणजे दुकानाने सांगितलं होतं. लिहून सांगितलं होतं. योयू म्हणजे सवड, वाव, शिल्लक. चांगल्या गिटारींच्या चिठ्ठीवर 'योयू आरी' असतं, इथे जुन्या गिटारी घेणारी शाळकरी पोरंही आधी तेच बघतात. ते वीस हजार दुकानाने आधीच कापून ठेवले होते. मी त्याला बचत समजलो.

मग गेलो दुरुस्तीवाल्याकडे. जिन्याखालची दोन माणसं मावतील एवढी जागा, सरसाचा वास. आईच्या तानपुऱ्याची जवारी काढायला लहानपणी मिरजेला जायचो, तिथल्या वासाची आठवण आली. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा काय केलं असेल? झाकण काढलं. नटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पर्याय दोन दिले. एक, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली मानेवरची लाकडी पट्टी) घासून सरळ करायचा आणि सगळे फ्रेट नवे बसवायचे, ५५,००० येन. दुसरा, मानेला गरम पट्टी लावून शेकत शेकत मागे आणायची आणि नटाखाली वॉशर घालून आट्यांना थोडी जागा करायची, १९,८०० येन. दुसऱ्याची हमी नाही, मान एक-दोन वर्षांत पुन्हा झुकू शकते. मी कोणता पर्याय घेतला ते सांगायला नको.

काम करताना त्यांनी पिकअप उचलून पाठीवरचा शिक्का वाचला आणि हसले. मॅक्सनचे यू-१०००. हे त्या वर्षांत ग्रेकोच्या वरच्या क्रमांकांत यायचे. माझ्या पाचशेमध्ये कुणीतरी नंतर बसवलेत. तो गोड आवाज पाचशेचा नव्हताच! आता हिशोब बघा. सगळे भाग मूळचे नाहीत म्हणून संग्रह करणाऱ्याच्या लेखी भाव कमी. पण सुट्या पिकअपची जोडी गेल्या महिन्यात पंचवीस-तीस हजार येनला विकलेली मी स्वतः बघितली. काढून विकावी आणि दुरुस्तीचे पैसे भरून काढावे, असा विचार दोन रात्री केला. काही विक्रेते हेच करतात: गिटार सोडवून पिकअप, ट्यूनर, नॉब वेगवेगळे विकतात, कारण सुट्या भागांची बेरीज अख्ख्या गिटारपेक्षा जास्त होते. म्हणून घेताना निदान फोटो तरी मागा पिकअपच्या पाठीचा. मी विकले नाहीत. शेजाऱ्याने अजून एकदा विचारलं अँपचं.

न्यू जर्सीतल्या मेव्हण्याने हे सगळं ऐकल्यावर त्याचं प्रकरण पुढे केलं. "दाजी, विकणारा १९७४ ची फेंडर स्ट्रॅट गिटार आहे म्हणतोय, घेऊ का?" म्हटलं, आतल्या पॉटचा, म्हणजे आवाजाच्या नॉबखालच्या भागाचा, फोटो पाठव. पॉटवरच्या आकड्यात पहिले तीन बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचे दोन वर्ष, शेवटचे दोन आठवडा. त्याच्या फोटोत होतं १३७७६३४. म्हणजे पॉट १९७६ च्या चौतिसाव्या आठवड्याचा. पॉट गिटारच्या आधीचा असू शकतो, नंतरचा कसा असेल? एक तर पॉट बदललाय, नाहीतर वर्ष चढवलंय, आणि दोन्हींत 'सगळं मूळचं' हा भाव लागू होत नाही. विक्रेत्याला विचारल्यावर त्याने उत्तरच दिलं नाही. मेव्हणा मला आता तज्ज्ञ समजतो. त्याला झाकणाचं सांगितलेलं नाही.

माझा हिशोब: ७४,८०० आणि १९,८००, एकूण ९४,६००. म्हणजे मी बाजारभावानेच घेतली, फक्त दोन हप्त्यांत. तारा आता खाली आल्यात, पंधराव्या फ्रेटवर किंचित खडखड आहे, ती अँप लावल्यावर ऐकू येत नाही. जुलैचे दमट दिवस तिने झेलले. नट पाव फेरा हलतो. रोज बघतो.

२०२४ मध्ये येन डॉलरला १६० च्या पलीकडे गेल्यापासून ओचानोमिझूत प्रवासी पाठीवर दोन-दोन गिटारी घेऊन उतरताना दिसतात, आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे वर सरकलेत. गेल्या शनिवारी तरी चक्कर मारलीच. एका दुकानात ईजी-८०० होती, १९८०, एक लाख अठ्ठावीस हजार. नोकोरी हाचिवारी, म्हणजे आठ हिस्से. योयू आरी. दुकानातल्या पोराला म्हटलं, झाकण उघडून दाखवता का? त्याने खिशातूनच स्क्रू ड्रायव्हर काढला, उघडलं, पाना लावून पाव फेरा फिरवला आणि परत आणला. लोण्यासारखा. पिकअपची पाठही दाखवली. वजन ३.९.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि आधीचीचं काय?" रविवारी दुपारी परत गेलो तर तिथे दुसरीच लटकत होती.