मियार खोऱ्याच्या मोहिमेत १,७१,३५० रुपये गेले, जाणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगतो, हे लिहायला दोन महिने लागले कारण लाज वाटत होती. परतवाड्याजवळच्या एका खेड्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा काढून देणं, पीक विम्याचे फॉर्म भरणं, दिवसभर हेच, आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मीच बजावतो की काका ओटीपी कोणाला देऊ नका. तोच मी एका माणसाच्या यूपीआयवर सहा वेळा मिळून १,४२,२५० रुपये टाकून बसलो. त्यातले माझे फक्त २५,०००, बाकी पाच पोट्ट्यांचे. एकाच्या बापाने तूर विकून दिलेले, एकाने मोटारसायकल विकून दिलेले.

आम्ही सहा जण चार वर्षांपासून दर रविवारी चिखलदऱ्याला जातो. गाविलगड, भीमकुंडाची उतरण, वैराटपर्यंत चालणं, सगळं पायाखालचं. पण वैराट म्हणजे ११७८ मीटर, आणि आमच्या डोक्यात सहा हजारी शिखर. हा माणूस आम्हाला भेटला तोच गाविलगडावर. बोलणं पक्कं वऱ्हाडी, यवतमाळकडचा आहे म्हणाला, आमच्या समोर एका हाताने फिगर ऑफ एटची गाठ मारून दाखवली, आमच्यातल्या एकाची हार्नेस चुकीची बांधली होती ती दुरुस्त करून दिली. मला सांगा, असा माणूस फसवेल असं कोणाला वाटेल? फोनवरचा कोणी अनोळखी असता तर मी पहिल्याच दिवशी ब्लॉक केला असता.

त्याने दाखवलं हिमाचलमधल्या लाहौलचं मियार खोरं. तिकडचे लोक मयाड म्हणतात. मियार नाला खाली उदयपूर गावाजवळ चंद्रभागेला, म्हणजे चिनाबला मिळतो, वर उरगोस, खंजर ही गावं, त्याच्यापुढे मियार हिमनदी आणि शेवटी कांग ला खिंड, जिच्यापलीकडे लडाखमधलं झांस्कर. हे सगळं खरं आहे, मी नंतर पडताळलं. त्या खोऱ्यात अजून न चढलेली शिखरं आहेत हेही खरं. त्यामुळेच फसलो. तो म्हणे ६,०२० मीटरचं एक बिननावाचं शिखर आहे, रूट मी स्वतः काढलाय, तुमचं नाव पहिलं लागेल.

पैसे असे गेले. टोकन ५,०००. रूट प्लॅनिंग ४२,०००. शिखराची परवानगी ३६,६००. दोर, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे काटे), आइस अॅक्सचं भाडं २७,९००. खेचरं आणि विमा १८,७५०. आणि शेवटी 'परत मिळणारं' रेस्क्यू डिपॉझिट १२,०००. ज्याने ज्याने 'रिफंडेबल' म्हटलं त्याचा फोन तिथेच कट करा.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप येत नाही.

४२,००० भरल्यावर त्याने एक पीडीएफ पाठवली, ३१ पानांची, फोटोबिटो मस्त. पान चारवर हवामानाचा तक्ता होता. उदयपूर, सप्टेंबर, दिवसा ३२ अंश, रात्री २३. मी ते वाचलं. वाचून थांबलो. तिथे बोट ठेवून बायकोला म्हटलं पण, की हिमालयात रात्री २३ कसे? मग त्याला फोन केला तर म्हणे, "अरे भाऊ, खोऱ्यात ऊन लय साचते, काहून टेन्शन घेता, मी हाय ना." आणि मी मानलं! उंचीवर ऊन जास्त भाजतं हे वाचलेलं होतं, आणि आम्ही मे महिन्यात ४५ अंशात राहणारी माणसं, आम्हाला ३२ काय वाटणार. तो तक्ता राजस्थानच्या उदयपूरचा होता. तलावांच्या उदयपूरचा. इंटरनेटवरून उचलून चिकटवलेला. त्याच मिनिटाला मी दुसऱ्या टॅबमध्ये लाहौलमधल्याच केलाँगचं तापमान टाकून पाहिलं असतं तर पुढचे ९५,२५० रुपये वाचले असते. एका मिनिटाचं काम होतं आणि दिवसभर माझ्यासमोर कॉम्प्युटर चालूच असतो.

दुसरं, त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे चालायची वाट नकाशावर दाखवणारी फाइल. मी ती अॅपमध्ये उघडली होती, हिरवी रेष छान दिसत होती म्हणून खूश झालो. ३४ किलोमीटरच्या रूटला फक्त ६१ पॉइंट. खरं चालून रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकला हजारो पॉइंट असतात, प्रत्येकाला वेळ लागलेली असते, रेष वेडीवाकडी असते कारण माणूस दगड चुकवतो, मुतायला थांबतो. ह्याची रेष फूटपट्टीने मारल्यासारखी आणि वेळ कुठेच नाही. म्हणजे हा गडी तिथे गेलेलाच नाही, सॅटेलाइट फोटोवर माउसने क्लिक करत गेला. कोणी ट्रॅक विकत असेल तर आधी टाइमस्टॅम्प मागा, नाही म्हणाला तर समजून जा.

कॅम्प दोनच्या वर ती रेष ३०० मीटर आडव्या अंतरात ४०० मीटर चढते. हिशेब लावा, ५३ अंश. घराचा जिना ३०-३५ अंशाचा असतो. नकाशातल्या उंचीच्या रेषा (कंटूर) तिथे एकमेकींना चिकटलेल्या होत्या, म्हणजे उभा चढ, मला दिसत होत्या, मी त्याला विचारलं नाही.

आमच्यातल्या सगळ्यात लहान पोट्ट्याने मात्र विचारलं होतं, हे मी कबूल करतो. प्लॅनमध्ये दुसरी रात्र ३,३०० मीटरवर आणि तिसरी ४,४०० वर. तो म्हणाला दादा, तीन हजाराच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात, हे तर एकदम ११०० आहे. मी तो प्रश्न ग्रुपवर टाकला. त्यावर त्याचं उत्तर, "तुम्ही तं चिखलदऱ्याचे वाघ." आणि आम्ही सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. ह्या गोष्टीबद्दल मी त्या पोट्ट्याची माफी मागितली आहे.

६ सप्टेंबरला निघालो. नागपूरहून दिल्ली, तिथून मनालीची बस, मग अटल बोगद्यातून केलाँग, तांदी करत उदयपूर. माणशी ४,८५० प्रमाणे २९,१०० हे वेगळे. तिथे ना खेचरं, ना गाइड, ना सामान. त्याचा फोन सकाळपर्यंत लागत होता, दुपारी बंद. सहाही जण बसस्टॉपवर सॅकवर बसून होतो, संध्याकाळी वारा सुटला तेव्हा कळलं की २३ अंशाच्या हिशेबाने आणलेले आमचे स्वेटर काय कामाचे.

ज्यांच्या घरी राहिलो त्या होमस्टेवाल्या काकांनी माझ्या मोबाइलवर ती रेष बघितली. चष्मा लावून, बोटाने मोठी करून, बराच वेळ. मग म्हणाले, इथे ही नाला ओलांडते तिथे पूल नाही. आणि प्लॅनमध्ये वेळ लिहिली होती दुपारी तीन. दिवसभर बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, हिमनदीचा नाला पहाटे ओलांडतात, हे तिथलं पोरगंही सांगतं. काका मला म्हणाले, बेटा, ये आपको मारने का प्लान था. त्यांनी दोन रात्रींचे पैसे घेतले नाहीत.

परवानगीचं पत्रही खोटं निघालं. शिखर मोहिमेची परवानगी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडून मिळते. तिथे फोन केला तर आमच्या नावाने कोणतंच बुकिंग नाही. पैसे भरायच्या आधी हा फोन करा, आम्ही नंतर केला. आणि परवानगीची फी कोणा माणसाच्या खासगी यूपीआयवर जात नसते!

आता तक्रारीचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, उदयपूरमधूनच फोन लावला, रेंज नाही, लागला तर लाइन बिझी. शेवटी गावी येऊन तक्रार सायबर क्राइमच्या पोर्टलवर भरली, तोवर शेवटचा हप्ता जाऊन तीन आठवडे झालेले. पैसे गेल्याबरोबर काही तासांत १९३० ला सांगितलं तर पुढचं खातं गोठवता येतं, उशीर झाला की पैसे चार खात्यांत फिरून निघून जातात, हे मला माहीत होतं, पण पैसे गेलेत हेच मला उदयपूरला पोचल्यावर कळलं, त्याला मी काय करू? पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, पैसे तुम्ही स्वतःहून टाकले ना? मग म्हणे हे हिमाचलचं प्रकरण, तिकडे जा. तिकडच्या चौकीत मी आधीच विचारून आलो होतो, ते म्हणाले पैसे महाराष्ट्रात दिलेत, तिकडे जा. आता नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मी कलमाचा प्रिंट काढून नेला. साहेबांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. अमरावतीला तीन चकरा झाल्या, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, एकदा चार तास बाकड्यावर बसून 'साहेब मीटिंगमध्ये' ऐकून परत. त्या दिवशी माझं सेंटर बंद, विम्याची शेवटची तारीख, लोक दारातून परत गेले. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करू. अरे, त्या खात्याची केवायसी कोणी केली? सहा वेळा लोकांचे पैसे येतात आणि तासाभरात एटीएममधून निघतात, हे कोणाला दिसत नाही? आमच्या शेतकऱ्याच्या खात्यात अनुदानाचे दोन हजार अडकले तर आधार सीडिंगसाठी त्याला पाच चकरा मारायला लावता, आणि ह्याला एक प्रश्न नाही. एफआयआर अजून नाही. अर्जावर पोच मात्र मिळाली, तेवढी न घेता उठू नका, तोंडी 'बघतो' म्हटलं तर ते काही बघत नाहीत. बँक तीस दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, मी केली आहे. चॅट डिलीट करू नका, रागात मी अर्धे केले होते.

पोट्ट्यांचे पैसे मी परत करतोय. ते नको म्हणतात, पण पैसे माझ्या हातातून गेले. आतापर्यंत ८,००० दिले, तूर विकणाऱ्यांच्या घरी पहिले.

गेल्या आठवड्यात अकोल्याच्या एका ग्रुपवर तीच पीडीएफ फिरताना दिसली. कव्हर बदललं, खोरं दुसरं, नंबर नवीन. पान चार तेच आहे, दिवसा ३२, रात्री २३. तुमच्याकडे आली असेल तर एक रुपयाही टाकू नका आणि तो नंबर मला पाठवा, माझ्या अर्जाला जोडायचा आहे.