नव्या रिव्हॉल्व्हरवरची रेघ आणि १८ हजारांचा चुना

माझ्या साडूंना १८ हजार रुपयांचा चुना लागला तो एका रेघेपायी. नव्याकोऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर, गोल फिरलेली बारीक, चकचकीत रेघ. शहरातल्या एका कारागिराने ती बघून तोंड पाडलं आणि म्हणाला, "साहेब, पीस डिफेक्टिव्ह आहे, आतून घासतंय." मी फौजेत आर्मरर होतो, आयुष्य हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेलं. पण प्रकरण माझ्यापर्यंत आलं ते पैसे देऊन झाल्यावर. घरच्या माणसाला फुकटचं विचारायला संकोच वाटतो आणि परक्याला नोटा मोजताना वाटत नाही, त्याला काय करणार!

साडूंचा पेट्रोल पंप आहे, रोज रोकड घेऊन बँकेत जायचं असतं, म्हणून परवाना. रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, जुन्या वेब्ली पद्धतीचं: खटका दाबला की नळी पुढे वाकते आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. साधं, दणकट हत्यार. रेंजवर थोड्या गोळ्या झाडल्या आणि घरी येऊन पुसायला बसले, तेव्हा त्यांना चार गोष्टी खटकल्या. सिलिंडरवर रेघ. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर प्रत्येक भोकाभोवती काळं कडं. हाताने हलवलं तर सिलिंडर किंचित डुलतो. आणि रेंजवर दुसऱ्यांदा गोळ्या भरल्यावर चाप एकदम जड झाला होता, सिलिंडर फिरेना.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना कोणताही आर्मरर ढुंकून बघणार नाही. सिलिंडर फिरताना त्याला जागेवर अडवणारा स्टॉप खालून वर येतो आणि पुढच्या खाचेत बसेपर्यंत पृष्ठभागावर घासतो. वरचा काळा रंग, म्हणजे ब्ल्यूइंग, अगदी पातळ असतं. ते तेवढ्या पट्ट्यात निघून जातं. नव्या मोटारसायकलच्या ब्रेक डिस्कवर रेघा उमटाव्यात, इतकंच ते. काळं कडं हे काडतुसातल्या जळलेल्या दारूचं. कारखान्यातच चाचणीच्या गोळ्या झाडलेल्या असतात, त्यामुळे दुकानातून आणलेल्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरवरही ते थोडं दिसतं. आणि डुलणं? चाप सोडलेला असताना सिलिंडरला थोडी ढील हवीच, नाहीतर जरा धूळ गेली की तो जाम होईल. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फटही मुद्दाम ठेवलेली असते, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. कारागिराने उजेडासमोर धरून हीच फट दाखवली आणि "इथून प्रेशर लीक होतंय" असं सांगितलं. लीक होतंच. जगातल्या जवळजवळ प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये होतं.

त्याने आधी सौदा टाकून बघितला: "हे मला निम्म्या किमतीत द्या, दुसरं नवं घ्या." माझ्या मते खरा डाव हाच होता. गिऱ्हाईक घाबरलं की लाखभराची वस्तू पन्नासात सुटते, आणि तीच पॉलिश करून पुढच्याला पुन्हा पूर्ण दराने. साडू विकायला तयार झाले नाहीत, तेव्हा १८ हजारांत "पूर्ण ओव्हरहॉलिंग" ठरलं. स्टॉप बदलणार, टायमिंग (घोडा चढणं आणि सिलिंडर जागेवर बसणं यांचा मेळ) लावणार, चाप मऊ करणार, नवा रंग देणार. बिल नाही. हत्यार ठेवून घेतल्याची नंबरासह पावतीसुद्धा नाही. त्या काळात पोलिसांनी "शस्त्र दाखवा" म्हटलं असतं तर साडू काय दाखवणार होते?

परत आलं तेव्हा रिव्हॉल्व्हर आरशासारखं चमकत होतं. जाम होणंही थांबलं होतं, म्हणून साडू खूश. मग पुढच्या वेळी रेंजवर सहातल्या दोन गोळ्या उडाल्याच नाहीत, सिलिंडर पुन्हा अडकला, आणि घरी येऊन बघतात तर रेघ हजर. ती येणारच होती. मग मला फोन: "पाव्हणं, जरा येऊन जावा."

मी त्यांच्या समोर, ते शेजारी बसलेले असताना, नुसतं बघितलं; दुरुस्तीला हात लावला नाही. शस्त्र दुरुस्त करायलाही शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, आणि त्यात निवृत्त आर्मररला सूट नाही. रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, नळी वाकवली, काडतुसं वर उचलणारा, चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर बोटाने उचलून धरला. खाली, त्याच्या बसायच्या जागेत, न जळलेल्या दारूचे तीन-चार बारीक कण चिकटलेले. टूथब्रश फिरवला, चिंदीने पुसलं, बंद केलं. सिलिंडर सुरळीत. कणभर कचऱ्याने चांदणी पूर्ण बसत नाही, काडतुसं उचललेली राहतात, त्यांची बुडं मागे घासतात आणि सिलिंडर जड होतो. पहिल्या वेळीही हेच झालं होतं यात मला शंका नाही. म्हणजे १८ हजारांतलं एकच काम खरं होतं, आणि त्याला दहा रुपयांचा ब्रश पुरला असता.

न उडालेली काडतुसं साडूंनी जपून ठेवली होती. काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, जिच्यावर पिन आपटली की गोळी उडते, तिच्यावर पिनचा खड्डा बरोबर मध्ये पडलेला, पण उथळ. घोड्याच्या स्प्रिंगवर दगडाने घासल्याच्या ताज्या खुणा. चाप मऊ करायचा हा आळशी रस्ता: स्प्रिंगचा जोर कमी करायचा. दुकानात बोटाला छान वाटतं. ऐन वेळी गोळी उडत नाही. "नवा बसवला" म्हणून सांगितलेला स्टॉप तर जुनाच होता, नुसता घासलेला. (गोळी उडाली नाही तर लगेच उघडू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. कधीकधी ती उशिरा उडते.)

माझं डोकं खरं फिरलं ते नंबर बघून. पॉलिशच्या चाकाने फ्रेमवरच्या कडा गोल झाल्या होत्या आणि नंबराचा शेवटचा आकडा ३ की ८ हे भिंगाशिवाय कळेना. शस्त्रावरचं ओळखचिन्ह खोडण्यावर कलम ८ ने बंदी आहे, आणि असं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते खोडलं असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. शस्त्र तपासणीला नेलं की हवालदार आधी नंबर ताडून बघतो. निवडणुकीत आचारसंहितेच्या काळात जमा करायची वेळ आली तर रजिस्टरला कोणता आकडा लिहिणार? रेघ घालवायच्या नादात कारागिराने साडूंना गुन्ह्याच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं.

खरा दोष बघायचा असेल तर रिकामं रिव्हॉल्व्हर भिंतीकडे धरा आणि घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे घ्या. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे. सहाही घरांना, म्हणजे गोळीच्या प्रत्येक भोकाला, बसला पाहिजे. एकाच घराला चुकत असेल तरी ते टायमिंगचं दुखणं आहे. चाप दाबून धरल्यावर सिलिंडर खडखडला, खाचांच्या कडा चेपून फुगल्या, बंद केल्यावर नळीचा सांधा किंवा वरचा खटका हलला, झाडताना बाजूने शिशाचे तुकडे अंगावर आले, पिनचा खड्डा टोपीच्या कडेला पडला, यातलं काही दिसलं तर झाडणं थांबवा आणि ज्या दुकानातून घेतलं तिथे लेखी तक्रार द्या. स्क्रू मात्र नव्या हत्याराचे ढिले होतातच. मापाचा पेचकस घेऊन बघत जा.

देखभाल म्हणाल तर फार नाही. झाडल्यावर त्याच दिवशी नळी आणि सहा घरं साफ करायची, चांदणीखाली ब्रश, तेलाचा हलका हात. तेल ओतायचं नाही, ते काडतुसाच्या टोपीत शिरतं. चामडी होल्स्टरमध्ये कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं, लोखंड गंजतं, पितळ हिरवं पडतं. कोकणात आणि पावसाळ्यात तर हे झपाट्याने होतं. काळ्या कड्यावर सँडपेपर मुळीच नको. आणि सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने नळी बंद करणाऱ्यांच्या हातात हत्यारच देऊ नये, असं माझं मत.

साडूंनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, खरेदीचं बिल आणि नंबराचा जवळून काढलेला फोटो जोडून. स्प्रिंग आणि स्टॉप मूळ विक्रेत्यामार्फत मागवले आहेत. कारागिराला पैसे परत मागायला फोन केला तेव्हा स्पीकर चालू होता, मी शेजारीच होतो. बिल कुठंय विचारलंन, मग गोळ्याच जुन्या असतील म्हणाला, आणि शेवटी साडूंनाच उलट विचारलंन, "पण साहेब, खरं सांगा, फिनिशिंग कसलं भारी आलं होतं!"