सुपरवायझरांचं प्रशिक्षण: ऑनलाइन कोर्स, एक दिवसाची कार्यशाळा की लहान गटाचा सराव?

दीडशे-दोनशे माणसांच्या कारखान्यात कामगाराच्या लेखी कंपनी म्हणजे त्याचा सुपरवायझर. रजेचा अर्ज तोच घेतो, मशीन तोच बदलून देतो आणि रिजेक्शन वाढलं की आवाजही त्याचाच चढतो. माणसांचा मान राखणारी कंपनी घडवायची तर प्रशिक्षणाचा पैसा याच थरावर लागला पाहिजे, हे बहुतेक मालक आणि एचआरवाले मान्य करतात. अडतं ते पुढे. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि तिन्ही विकणारे आपलाच पुरेसा आहे असं सांगतात.

आधी वेळेचा हिशोब, ३० सुपरवायझर धरून. दीड तासाचा ऑनलाइन कोर्स म्हणजे एकूण ४५ तास. आठ तासांची कार्यशाळा म्हणजे २४०. दहा-दहांच्या तीन गटांना दोन-दोन तासांच्या पाच बैठका दिल्या तर ३००. कागदावर तिसरा पर्याय सगळ्यात महाग. पण कार्यशाळेच्या दिवशी सगळ्या लाइन एकदम सुपरवायझरविना राहतात, तर बैठकीला एका वेळी दहाच जण दोन तास बाहेर असतात आणि त्यांची जागा शिफ्टमधलाच कुणीतरी सांभाळू शकतो. ट्रेनरला मात्र एकाऐवजी १५ वेळा यावं लागतं. खर्चातला खरा फरक तिथे पडतो.

ऑनलाइन कोर्स माहिती पोचवायला चांगला. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध असलेल्या २०१३ च्या कायद्यानुसार छळ कशाला म्हणतात, तक्रार तीन महिन्यांत करायची असते, अशा तक्रारी ऐकणारी कंपनीची अंतर्गत समिती सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे, कंत्राटी कामगार आणि ट्रेनीही त्यात येतात, हे सगळ्यांना एकसारखं कळतं. नवा माणूस रुजू झाल्याच्या दिवशीच तो करून घेता येतो आणि कुणी कधी केला याची नोंद राहते. बिघडतं ते कारखान्यातल्या सवयींमुळे. ऑफिसातल्या एकाच संगणकावर एकच जण दहा जणांच्या परीक्षा सोडवतो. कोर्स इंग्रजीत असतो आणि उदाहरणं आयटी कंपनीतली असतात: ईमेल, मीटिंग, केबिन. प्रेसशॉपमधल्या सुपरवायझरला त्यात स्वतःची लाइन कुठेच दिसत नाही. घेणार असाल तर मराठी-हिंदीतलाच घ्या आणि परीक्षा एचआरच्या माणसासमोर सोडवून घ्या.

एक दिवसाच्या कार्यशाळेची मागणी सर्वाधिक, कारण फोटो निघतो आणि अहवालात ओळ जाते. कायद्याच्या कलम १९ मध्ये ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम घेण्याचं बंधन आहे, ते यातून पाळलं जातं. पण चाळीस माणसं, ऐंशी स्लाइड आणि दंडाची भीती एवढ्यावर वागणूक बदलत नाही. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या कृतिगटाने २०१६ मध्ये हेच मांडलं: तीस वर्षांतलं बरंचसं प्रशिक्षण कंपनीला कायदेशीर जबाबदारीतून वाचवण्यावर बेतलेलं होतं, म्हणून छळ रोखण्यात ते कमी पडलं. आपल्याकडे एक वेगळाच परिणाम होतो. सुपरवायझर बाहेर पडताना एकच गोष्ट डोक्यात ठेवतो, “बायकांशी कामापुरतंही बोलायला नको.” मग त्यांना नवं मशीन शिकवलं जात नाही, चूक दाखवली जात नाही, ओव्हरटाइमला नाव घेतलं जात नाही. हाही अपमानच, आणि तो चुकीच्या प्रशिक्षणाने घडवलेला.

लहान गटाचा सराव ही जुनी पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन कारखान्यांत नवख्या सुपरवायझरांसाठी ‘जॉब रिलेशन्स’ नावाचा कार्यक्रम चालवला गेला, युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो उचलला. रचना साधी: दहा सुपरवायझर, दोन तासांच्या पाच बैठका, आणि प्रत्येकाने आपल्या लाइनवरची खरी अडचण आणायची. ती चार पायऱ्यांनी सोडवायची: माहिती गोळा करा (समोरच्याचं म्हणणं आणि त्याला काय वाटतं हेही), तोलून निर्णय घ्या, कृती करा, परिणाम पाहा. सोबत चार नियम. काम कसं चाललंय ते प्रत्येकाला सांगत राहा. चांगलं केलं तर श्रेय द्या. बदल होणार असेल तर आधी कळवा. ज्याला जे जमतं ते करायची संधी द्या.

आमचं मत याच पद्धतीच्या बाजूने आहे. इथे सुपरवायझरला वाक्य तोंडाने म्हणावं लागतं. “सगळ्यांसमोर झापू नका” हे ऐकणं सोपं. पण १२ पार्ट खराब निघालेत, डिस्पॅचची गाडी उभी आहे, अशा वेळी कामगाराला बाजूला घेऊन नेमकं काय बोलायचं, हे दोन-तीनदा करून पाहिल्याशिवाय येत नाही. परमनंटला ‘अहो’ आणि कंत्राटीला ‘अरे’, आडनावावरून जात काढणं, रजा नाकारताना कारणच न देणं, हे विषयही दहा जणांतच मोकळेपणाने निघतात.

ही पद्धत फसते ती तीन कारणांनी. गटात साहेब आणि त्याच्याच हाताखालचे सुपरवायझर एकत्र बसवले तर कुणी तोंड उघडत नाही. गट वेगवेगळ्या विभागांतून करा. महिनाअखेरीला ठेवलेली बैठक रद्द होते आणि मग पुढचीही होते; महिन्याच्या ५ ते २० तारखांतच ठेवा. आणि प्लँट हेडने हा सराव आधी स्वतः केला नसेल, तर बाकीचे हे खालच्यांसाठी आहे असं समजतात.

एक धोका फार गांभीर्याने घ्या. चार पायऱ्यांची पद्धत रोजच्या कुरबुरींसाठी आहे. एखाद्या बाईने लैंगिक छळाची गोष्ट सांगितली तर सुपरवायझरने ‘माहिती गोळा’ करायला निघायचं नाही, साक्षीदारांना विचारत फिरायचं नाही, “आपसात मिटवा” तर मुळीच म्हणायचं नाही. ऐकून घ्यायचं, अंतर्गत समितीकडे कसं जायचं ते सांगायचं, लेखी द्यायला अडचण असेल तर समितीची मदत मिळवून द्यायची, आणि ती गोष्ट इतर कुणाजवळ बोलायची नाही. समेट तिनेच मागितला तरच, समितीमार्फत आणि पैशाची देवघेव न करता होतो. तक्रारीचा तपशील बैठकीत उदाहरण म्हणूनही आणायचा नाही. गोपनीयता कलम १६ नेच बांधलेली आहे. हा भाग ट्रेनर शिकवत नसेल तर तो ट्रेनर नको.

तेव्हा ३० च्या आसपास सुपरवायझर असतील तर कायद्याच्या माहितीसाठी ऑनलाइन कोर्स आणि वागणुकीसाठी गटाचा सराव, अशी जोडी घ्या. कार्यशाळा अंतर्गत समितीचे सदस्य, त्यांची कामं आणि संपर्क सगळ्यांना दाखवण्यापुरती, दोन तासांची ठेवा. तीन-चारच सुपरवायझर असतील तर शेजारच्या युनिटला सोबत घेऊन गट भरा. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता फलकावर लावा.

नंतर मोजायचं काय? कोणत्या लाइनवरून बदली मागितली जाते, नाकारलेल्या रजांवर कारण लिहिलंय का, सोडून जाणारे काय सांगतात. पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढल्या तर घाबरू नका, माणसं आता बोलू लागली असण्याची शक्यता मोठी. ‘शून्य तक्रारी’ला बोनस मात्र कधीच जोडू नका; सुपरवायझर मग तक्रारीचं कारण काढण्याऐवजी तक्रारच दाबतो.