थिंकपॅड ई१४: गेमिंग नाही, एडिटिंग नाही, नुसत्या वाचणाऱ्याचा रिव्ह्यू

लॅपटॉपचे रिव्ह्यू शोधायला बसलं की सगळीकडे तेच. गेममध्ये एफपीएस किती, फोर-के व्हिडिओ किती मिनिटात रेंडर झाला, कोडिंगला कसा. वाचायला कसा आहे हे कोणी लिहीतच नाही आणि मला नेमका वाचायलाच हवा होता, वाचायला आणि थोडंफार मराठी टाइप करायला. मी वसईचा कॅथलिक, रविवारी मिस्सात वाचक म्हणून उभा राहतो, धर्मग्रामाची (पॅरिशची) प्रार्थनेची पत्रकं टाइप करून देतो, आणि रात्री जेवणं उरकल्यावर काहीतरी आध्यात्मिक वाचून झोपायचं ही आमच्या घरातली वडिलांपासूनची सवय. तर ज्यांना ग्राफिक्स कार्डाची माहिती हवी त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल.

जुना लॅपटॉप खरं तर अजून चालत होता, चालत म्हणजे चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या अंगात विंडोज ११ घ्यायची ताकद नव्हती. मग दिवाळीच्या तोंडावर दुकानं पालथी घातली. स्टेशनजवळच्या एका दुकानात पोराने पहिलाच प्रश्न टाकला, "अंकल, गेमिंग का एडिटिंग?" म्हटलं वाचायचंय. "मग टॅब घ्या ना अंकल." टाइपही करायचंय म्हटल्यावर त्याने एक चकाचक ओलेड स्क्रीनवाला पुढे केला, त्यावर एक पोपट असा काही चमकत होता की बघत राहावं. वर आणि सांगतो, जीएसटी कमी झालाय म्हणून भाव उतरलेत. अरे बाबा, सप्टेंबरात २८ वरून १८ वर टीव्ही आणि एसी आले, लॅपटॉपला आधीपासून १८ टक्केच होता, त्यात काय उतरणार. तिथून निघालो.

शेवटी घेतला लेनोवोचा थिंकपॅड ई१४, सहावी जनरेशन, इंटेलचा कोअर अल्ट्रा ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या मध्ये पडला. दिसायला एकदम सरकारी, काळा ठोकळा, कीबोर्डच्या मधोमध ते लाल बटण. पुतण्या म्हणाला, काका, ऑफिसने दिलेला वाटतो. वाटू दे.

आता मुद्द्याची गोष्ट, स्क्रीन. १४ इंची, १९२० बाय १२००, म्हणजे सोळा-दहाचं प्रमाण. हे दहा फार महत्त्वाचं आहे. जुन्याची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, पानाचा वरचा तुकडा दिसायचा आणि सारखं खाली ओढत बसायचं. बायबलातली स्तोत्रसंहिता वाचताना ओळीच्या मध्येच स्क्रोल करावं लागलं तर स्तोत्राची लय गेलीच म्हणायची. इथे बहुतेक स्तोत्रं एका नजरेत मावतात. दुसरं म्हणजे स्क्रीन मॅट आहे, डोक्यावरची ट्यूबलाइट तिच्यात दिसत नाही. ई१४ च्या स्वस्त व्हेरियंटला ४५ टक्के एनटीएससीवाला, म्हणजे कमी रंग दाखवणारा पॅनल येतो, त्याला सगळे टेक रिव्ह्यूवाले नाकं मुरडतात, रंग फिके म्हणे. फिके आहेतच. पण काळ्या अक्षराला रंग कशाला लागतो? उलट मला तर ते बरंच वाटतं, त्यावर व्हिडिओ बघायचा मोहच होत नाही. रात्री विंडोजचं नाइट लाइट अर्ध्यावर ठेवलं की पान जरा पिवळसर होतं आणि डोळे चुरचुरत नाहीत.

कीबोर्ड मस्त आहे, यावर वाद नाही. मराठीसाठी विंडोजमध्ये आता फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा) आतच मिळतो, सेटिंगमधून मराठी भाषा घातली की झालं, वेगळं काही उतरवायची गरज नाही. मी मात्र इनस्क्रिप्ट या सरकारी मांडणीवाला, बोटांना तेच वळण. फॉन्टचं थोडं बघावं लागतं. विंडोजचा निर्मला वाचायला स्वच्छ आहे पण पत्रक छापायचं असेल तर मी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरतो, फुकट आहे, ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात आणि आमच्या म्हाताऱ्या मंडळींना तेच ओळखीचे वाटतात.

जुन्या फाइलींचं मात्र वेगळंच रामायण, म्हणजे आमच्यात काय म्हणायचं, बायबलातल्या संकटावर संकट सोसणाऱ्या इयोबाची कहाणी. धर्मग्रामाची गेल्या वीसेक वर्षांची पत्रकं, नोव्हेनांची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांची पुस्तकं, क्रुसाची वाट, सगळं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या खास फॉन्टात टाइप केलेलं. नवीन लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की "हे प्रभो" च्या जागी नुसते डॉलर, टक्का आणि कंस. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, त्यातून बरचसं सुटतं पण रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. नाताळच्या आधीच्या रात्री त्यातच गेल्या. ज्यांच्याकडे चर्चच्या, मंडळाच्या, भजनी मंडळाच्यासुद्धा अशा फाइली पडल्या असतील त्यांनी जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी त्या बदलून घ्या, आणि फॉन्टची फाइलही कॉपी करून ठेवा.

आता वाचन. एज ब्राउझरमध्ये एफ९ दाबलं की इमर्सिव्ह रीडर उघडतो, जाहिराती गायब, नुसता मजकूर. त्यात लाइन फोकस म्हणून एक सोय आहे, एकावेळी पाच, तीन किंवा एकच ओळ उजळ दिसते आणि बाकी पान काळोखात. ती बनवली असेल मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून, पण सावकाश वाचायची ज्याला सवय लावायची आहे त्याच्यासाठी यापरतं काही नाही. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ ला साहित्यवाचनावर एक पत्र लिहिलं होतं, वॅटिकनच्या साइटवर इंग्रजीत पूर्ण आहे, ते मी असंच ओळ-ओळ करून वाचलं. त्यात ते एके ठिकाणी काही सेमिनरींचं, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थांचं कौतुक करतात, स्क्रीनचं वेड आणि खोट्या बातम्या यांच्यावर उतारा म्हणून त्या साहित्याला वेळ देतात म्हणून. आणि हे मी वाचतोय कुठे, तर स्क्रीनवर. हसू आलं.

एजमध्ये वाचून दाखवायचीही सोय आहे आणि मराठीत दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. रविवारच्या वाचनाची तयारी करताना मी आरोहीला लावतो. हे चर्चवर्ष अ चं (वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं पहिलं), मत्तयचं शुभवर्तमान चालू आहे, मत्तयची वंशावळ एका दमात वाचावी तर आरोहीनेच, अब्राहामपासून योसेफापर्यंत कुठे अडखळत नाही. पण यशयाचं "सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा" हेही ती बस किती वाजता सुटणार ते सांगितल्यासारखं वाचते. उच्चाराला उपयोग होतो, भावाला नाही, तो आपला आपण आणायचा. आणि हे आवाज नेटवरून येतात, म्हणजे ऐकायचं तर नेट चालू ठेवा, आणि नेट चालू म्हणजे कोपऱ्यात व्हॉट्सअॅप टिणटिणणार.

इथून पुढे रिव्ह्यू थोडा भरकटणार आहे, पण लॅपटॉप याच कामाला घेतलाय तर हे सांगितल्याशिवाय तो कसा आहे ते कळायचं नाही.

संत ऑगस्टीनच्या आत्मचरित्रात एक जागा आहे, मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांना तो वाचताना बघतो, डोळे पानावरून चाललेत, मन अर्थ शोधतंय, पण जीभ आणि आवाज स्वस्थ. ऑगस्टीनला ते इतकं लक्षात राहिलं की त्याने ते लिहून ठेवलं. त्या काळी पुष्कळजण पुटपुटत वाचायचे. मठांतले लोक तर कित्येक शतकं ओठ हलवतच वाचत राहिले. पुढे बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या कार्थूशियन संघातल्या संन्याशाने आध्यात्मिक वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन, आणि त्या त्याने जेवणावरून समजावल्या: वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे चव लागणं, आणि चौथी म्हणजे निव्वळ गोडवा. माझा लॅपटॉपचा अनुभव असा की पहिली पायरी तो झकास करतो. ढीगभर घास समोर वाढतो. दुसऱ्या पायरीला त्याचा हात आखडतो. काहीतरी शोधावंसं वाटतं, त्यातून दुसरं उघडतं, या शब्दाला हिब्रूत काय म्हटलंय, या संताचं गाव कुठे आलं, आणि तासाभराने बघावं तर पंधरा टॅब उघडे आणि एका ओळीवरही मन टेकलेलं नाही. यात लॅपटॉपचा दोष नाही, कुठल्याही लॅपटॉपवर हेच होणार, लाख रुपयांचा घेतलात तर जरा लवकर होईल इतकंच.

संत इग्नाशियसचं बघा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, घरी पडून राहिला, वेळ जाईना म्हणून त्याने शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्याच. होतं ते एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतांच्या कथांचं पुस्तक. तेवढ्यावर त्या माणसाचं सगळं आयुष्य फिरलं आणि त्यातून पुढे जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ उभा राहिला. त्याच्या उशाशी वायफाय असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, मी विंडोजवर वेगळं युजर अकाउंट काढलं, डेस्कटॉपवर दोनच फाइली ठेवल्या, आणि रात्री त्या अकाउंटमध्ये शिरलो की विमान मोड लावतो. दोनपैकी एक आहे ख्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, त्याचं हे मराठी काव्य १६१६ ला गोव्यात राचोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. त्या आणि पुढच्या १६४९, १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाताला लागत नाही, सगळा भार हस्तलिखितांवर आणि १९०७ च्या मंगलोर आवृत्तीवर. तिचा स्कॅन मिळतो, तीही रोमन लिपीत, आणि उंच स्क्रीनवर तिचं अख्खं पान मावतं. रोमनमधली ओवी मनात वाचता येत नाही, मोठ्याने वाचली तरच कळते, त्यामुळे आपोआप ओठ हलवावे लागतात. बायको म्हणते शेजारच्यांना वाटेल तुम्हाला काही झालंय.

मनन करायला मात्र मी अजून कागदाकडेच वळतो. आमच्या वसईचे दिब्रिटो फादर, उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ च्या जुलैत गेले, त्यांचं 'सुबोध बायबल' माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारीच असतं. अनुवादाचं साहित्य अकादमी त्याला २०१३ ला मिळालं होतं. त्यात शोधायचं बटण नाही हाच त्याचा मोठा फायदा, जिथे बोट ठेवलं तिथेच बसावं लागतं. लॅपटॉपवर शोधायचं, ताडून बघायचं, टाइप करायचं, आणि एक ओवी किंवा एक वचन ठरलं की झाकण लावून पुस्तक जवळ ओढायचं, असं सध्या बसलंय.

बॅकअपचं पण सांगून टाकतो. आविलाच्या संत तेरेजाला पुस्तकाशिवाय प्रार्थनेला बसायचा धीर व्हायचा नाही, कित्येक वर्षं, तिनेच लिहून ठेवलंय. १५५९ ला स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, लोकभाषेतली बरीच आध्यात्मिक पुस्तकं बंद केली आणि तिच्या आवडीची गेली, तेव्हा प्रभूने तिला सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस, मी तुला जिवंत पुस्तक देईन. तुमची एसएसडी उडाली तर असा निरोप येईलच असं नाही, तेव्हा एक बाहेरची ड्राइव्ह घ्या.

बाकीचं पटकन. बॅटरी ४७ आणि ५७ वॅट-अवर अशा दोन येतात, ५७ वाली मिळत असेल तर तीच मागा. रॅमचे दोन स्लॉट आहेत, पुढे वाढवता येते, फक्त सध्या रॅमचे भाव भडकलेत. यूएसबीची साधी पिनही लावता येते, एचडीएमआय आहे, त्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रोजेक्टरला थेट जोडता येतो. कॅमेऱ्याला सरकतं झाकण आहे, ऑनलाइन जपमाळेच्या वेळी बनियनवर बसणाऱ्यांची सोय. स्क्रीन पार १८० अंशात मागे जाते, टेबलावर सपाट ठेवून दोघं समोरासमोर बसून वाचू शकतात.

ज्याला सिनेमे बघायचेत, फोटो सुधारायचेत त्याने हा घेऊ नये. ज्याला फक्त वाचायचंय आणि टाइप करायचं नाही त्याने लॅपटॉपच घेऊ नये, त्या पैशात घरभर पुस्तकं येतील. ज्याला दोन्ही करायचंय त्याने जरूर बघावा, आणि दुकानात जाताना पेनड्राइव्हवर बारीक टायपातली एक मराठी पीडीएफ घेऊन जा. डेमोचा पोपट बंद करायला सांगा, ती पीडीएफ उघडा आणि तिथेच उभ्याने दोन पानं वाचून काढा. पोरगा घड्याळ बघेल, बघू द्या.