थेंबांच्या टेस्ट किटनं आमचे मासे वाचले

राजारामपुरीतल्या आमच्या घरी माशांची 80 लीटरची टाकी आहे. गेल्या महिन्यात चार दिवसांत मॉली जातीचे तीन मासे मेले. अंगावर ना पांढरा ठिपका, ना शेपटी झडलेली. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायचे, कल्ले लालभडक. एका दुकानात विचारलं, तर पाणी न तपासताच निळं औषध हातात दिलं. ते टाकल्यावर आणखी दोन गेले. धाकटी लेक रात्री टाकीजवळ बसून रडायची, मला बघवेना.

मग शाहूपुरीतल्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, फिल्टरचा स्पंज कशात धुतला?" नळाखाली, खसाखसा धुतला होता मी! नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं स्पंजातले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून सुटणारा हा विषारी अमोनिया साठत जातो. काकांनी थेंबांचं अमोनिया टेस्ट किट दिलं. नळीत 5 मिलीलीटर पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, 5 मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहायला हवं. आमचं गडद हिरवं झालं.

दोन दिवस खाणं बंद. रोज पाव टाकी पाणी बदललं, क्लोरिन मारणारे थेंब घालूनच. नवव्या दिवशी नळी पिवळी! उरलेले सहाही मासे जगले.

किट महाग वाटलं, सूचनाही मराठीत नाहीत. तरी टाकी असेल त्यानं घ्यावंच. स्पंज आता टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळते, त्यासाठी वेगळी बादली ठेवलीय.